शेऱ्याचा रकाना

मी खुर्चीवरून उठले आणि ट्रेनिंगवाल्या सरांनी स्पिरिटचा कापूस काढला. आधी माउस पुसला. मग कीबोर्ड. मग टेबलाची कड, जिथं माझं मनगट टेकलं होतं ती. कापूस टाकायला खोलीत साधा डबा होता. तो सोडून सर दाराबाहेर गेले आणि पिवळ्या डब्यात टाकून आले. पिवळ्या डब्यात आम्ही पेशंटच्या रक्तापूच्या पट्ट्या टाकतो.

भिंतीला लागून सहा बायका आपापल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. सगळ्या माझ्यासारख्याच वॉर्डातल्या मावश्या. माझ्या आधी त्याच खुर्चीवर फिलोमिना बसून गेली होती. ती उठली तेव्हा सरांनी काही पुसलं नव्हतं. माझ्यानंतर जिचा नंबर होता तिला ते हसून म्हणाले, "या मावशी, आता क्लीन आहे."

आता.

एक जण फिसकन हसली. मी चॉकलेटी ड्रेसच्या खिशात दोन्ही हात घातले आणि बाहेर आले. बोलले नाही. बोलणार काय? हॉस्पिटलात एक सोय असते. कुणी काहीही पुसलं तरी त्याला हायजीन म्हणता येतं. मी बोलले असते तर सर म्हणाले असते, मावशी, इन्फेक्शन कंट्रोल आहे, तुम्हीच तर धडा शिकलात. आणि तो धडा मी खरंच शिकले होते. पंचवीसपैकी तेवीस मार्क होते त्यात मला.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने निवडून दिलेली भाजी मी त्याच्यासमोर परत निवडते. फिलोमिना म्हणायची, "तुझ्या डोक्यात किडा हाय गो." असेल. पण तो किडा काही माझ्यासोबत जन्माला आला नाही. "पूर्ण नाव काय?" "मूळ गाव कुठलं?" "गावात घर की गावाबाहेर?" असं गोड गोड विचारत खणत जाणारी माणसं मी शाळेपासून बघते आहे. माझं आडनाव असं आहे, की त्यावरून चटकन कळत नाही. म्हणून माझ्याकडे लोक जरा जास्तच खणतात.

तर त्या दिवसापासून मी नजर ठेवायला लागले. कोण बसल्यावर सर पुसतात, कोण बसल्यावर नाही. आठवड्यातून एकदा ट्रेनिंग असायचं. दोन महिने मी बघितलं. माझ्यानंतर प्रत्येक वेळी पुसलं. आणखी एका बाईनंतर पुसलं, ती मानखुर्दचीच, आमच्याच बिल्डिंगमधली, आमच्यातलीच. बाकी कुणानंतर एकदाही नाही.

फिलोमिनाला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सवय असंल. तुला सगळीकडं तेच दिसतं."

तेच म्हणजे काय, ते ती बोलली नाही. मीपण विचारलं नाही.

आता हे ट्रेनिंग कशाचं, ते सांगते. मुलुंडच्या या हॉस्पिटलात मी अकरा वर्षं मावशी आहे. बेडपॅन देणं, धुणं, पेशंटच्या उलट्या पुसणं, चादरी बदलणं. मावशीचा ड्रेस चॉकलेटी. तिच्या वरची पायरी नर्सिंग असिस्टंट. त्यांचा ड्रेस निळा. निळ्या ड्रेसवाली पेशंटचं बीपी घेते, ताप बघते, म्हाताऱ्यांना भरवते. तिला पेशंट नावाने हाक मारतात. मला तो निळा ड्रेस हवा होता. सरळ सांगते, हवा म्हणजे हवाच होता. अकरा वर्षं माणसांची घाण उचलली, मला आता त्यांचा हात हातात घेऊन नाडी बघायची होती.

पूर्वी मेट्रन मॅडमच्या मर्जीवर निळा ड्रेस मिळायचा. मग हॉस्पिटलने कॉम्प्युटरवरचं शिक्षण आणलं. चौदा धडे. व्हिडिओ बघायचा, खाली परीक्षा द्यायची, मार्क तिथल्या तिथे. मेट्रन मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आता वशिला नाही, काही नाही. कॉम्प्युटर निवडेल." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मानखुर्दला जाताना जिलेबी नेली घरी. कॉम्प्युटरला कुठं गाव विचारता येतं?

पण कॉम्प्युटरने आधी कागद मागितले. प्रत्येकीने आपापले दाखले स्कॅन करून आपल्या पानावर चढवायचे. माझ्याकडे बारावीचं मार्कलिस्ट होतं. पण सरांनी शाळा सोडल्याचा दाखलाच पाहिजे म्हणून धोशा लावला. त्या दाखल्यावर धर्म आणि जात असा एक रकाना असतो. माझ्या दाखल्यावर तिथं शाळेतल्या बाईंनी गोल गोल अक्षरात लिहिलंय, नवबौद्ध. मी दाखला चढवला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो कापूस निघाला.

योगायोग असेल. मीच स्वतःला असं सांगितलं, तीन वेळा.

तीन वेळा यादी लागली नोटीस बोर्डावर. तिन्ही वेळा माझं नाव नाही. चौदाच्या चौदा धडे पास, एकातही वीसच्या खाली नाही. दुसऱ्या यादीत फिलोमिनाचं नाव आलं. मी तिला मिठी मारली. ती कांजूरच्या जुन्या गावठाणातली, आमच्या वयात दहा वर्षांचं अंतर, पण डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्या घरचं सुकं बोंबील आणि माझी भाकरी. मला तिचा खरंच आनंद झाला. पोटात थोडं दुखलंही, तेही सांगते.

मेट्रन मॅडमना विचारायला गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी काय करू? सिस्टिमने काढलेली यादी आहे. तुझ्यात काहीतरी कमी असेल."

"काय कमी आहे मॅडम?"

"ते सिस्टिमला माहीत."

मग सिस्टिमलाच विचारलं. पण ते मी ठरवून केलं नाही. आधी चूक झाली.

बाकीच्या मावश्या धडे मोबाइलवर करायच्या. त्याचं ॲप होतं, बोट लावलं की उघडतं. माझा फोन जुना. त्यात ॲप घ्यायला गेलं की लिहून यायचं, तुमच्या फोनवर हे चालणार नाही. बायका हसायच्या, "अगं फेकून दे तो डबा." मी डबा फेकला नाही. मी वही काढली. ट्रेनिंग रूममध्ये कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं, की वरच्या पट्टीत इंग्रजीत लांबलचक ओळ दिसते, त्या पानाचा पत्ता. ती अख्खी ओळ मी वहीत उतरवून घेतली. शेवटी माझा कामगार नंबर. घरी जाताना बसमध्ये बसायचं, आपल्या नावाने आत शिरायचं, आणि तो पत्ता एकेक अक्षर टाइप करायचा. रोज. ज्यांना बोट लावलं की उघडतं त्यांना पत्ता असतो हेच माहीत नाही. मला तो पाठ झाला होता.

मला फळ्यावरचं सगळं उतरवायची सवय आहे. महापालिकेच्या शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, कळो न कळो, आधी उतरवा. मी अजून तशीच आहे. आणि आकडे मी मराठीत लिहिते. घाईत लिहिलेला एक आणि नऊ माझ्या अक्षरात सारखेच दिसतात. एका दुपारी घाटकोपरच्या सिग्नलला बस हिसका देऊन थांबली, मी वहीत बघितलं आणि एकाच्या जागी नऊ टाकला.

पान उघडलं. पण माझं नाही. कुणी एक वॉर्डबॉय, तोंडओळखीचा. त्याचा फोटो, त्याचे मार्क, त्याचं आधार कार्ड, चेंबूरचा त्याचा पत्ता, त्याचा शाळेचा दाखला. सगळं.

मी फोन पालथा घातला मांडीवर. शेजारची बाई बघते की काय, असं वाटलं. मानखुर्द येईपर्यंत फोनला हात लावला नाही.

आणि मग तो किडा वळवळला. मला त्याचं दिसतं, तर माझं कुणाला दिसतं? माझा दाखला कुणी कुणी बघितला असेल? त्या दिवशी फिसकन हसलेली ती, तिने बघितला असेल? कॅन्टीनवाला माझ्या कपात वेगळा चहा देतो का? त्या रात्री नीट जेवले नाही मी.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम करून बघितलं. फिलोमिनाच्या गळ्यातल्या कार्डावर तिचा नंबर असतो. तो टाकला. तिचं पान उघडलं. हे चुकून नव्हतं. हे मी केलं, आणि ते मी कुठंही नाकारलेलं नाही. तिचे मार्क बघितले. पाच धड्यांत नापास. दाखल्यावर नववी. मला इतकं लागलं, की पान लगेच बंद केलं.

सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. गेटवर वॉचमन आहे, तो नाव विचारून आत सोडतो. पण आत एकाही खोलीला कडी नाही. ज्याची खोली त्यानेच उघडावी, हे बघायला कुणी ठेवलेलंच नाही. आणि बाकीच्यांना दिसू नये म्हणून काय केलंय, तर दाराची पाटी काढून टाकलीय. बस्स. पाटी नाही म्हणजे दार नाही, असं यांना वाटलं.

वहीत आणखी एक पत्ता होता. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मेट्रन मॅडमनी मोठ्या पडद्यावर आम्हाला दाखवलं होतं, मार्क त्यांच्याकडे कसे दिसतात ते. तेव्हाही मी वरची ओळ उतरवून घेतली होती. कळो न कळो. तो मॅडमचा पत्ता होता, मावशीला न दिसणारा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मी तो टाइप केला. मनात म्हणत होते, इथं तरी कुलूप असू दे. शपथेवर सांगते, असू दे असंच म्हणत होते. कारण उघडलं तर वाचावं लागणार होतं.

उघडलं.

सगळ्या मावश्यांची नावं एकाखाली एक. नाव, मार्क, आणि शेवटी एक रकाना. शेरा. इंग्रजीत होता, पण सोपं इंग्रजी. फिलोमिनापुढे लिहिलं होतं, 'डिसेंट फॅमिली. स्पीक्स नाइसली. रेकमेंडेड.' माझ्यापुढे होतं, 'गुड स्कोअर. बॅकग्राउंड. नॉट फॉर पेशंट साइड. कीप इन युटिलिटी.'

मार्क चांगले. बॅकग्राउंड. पेशंटजवळ नको. भांडी धुवायच्या खोलीतच ठेवा.

तीन तारखा होत्या. तिन्ही याद्यांच्या आदल्या दिवसाच्या. शेरा तोच, शब्दाला शब्द. आमच्या बिल्डिंगमधल्या त्या दुसऱ्या बाईपुढेही तोच.

सांगू काय वाटलं? आधी राग नाही आला. आधी हुश्श झालं. माझ्या डोक्यात किडा नव्हता. मी वेडी नव्हते. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होते, की तू घाणेरडा विचार करतेस लोकांबद्दल. तो विचार माझा नव्हताच, तो लिहून ठेवलेला होता, तारखेसकट. मग राग आला. असा आला, की हातातली चादर दातात धरून मी रडले. मग डोळे पुसले, वही काढली आणि शेरा उतरवून घेतला. मराठी अक्षरात, जसाच्या तसा. फोटो नाही काढला. फोन काय, कुणीही हिसकावून घेतं.

मी गप्प बसले असते तर आज निवांत असते. पण त्या सिस्टिममध्ये दोनशे माणसांचे दाखले उघडे पडले होते. कुणाचा आजार, कुणाच्या नवऱ्याचं नाव, तरण्या पोरींचे घरचे पत्ते. मी सरांकडे गेले आणि सांगितलं, "सर, नंबर बदलला की दुसऱ्याचं पान उघडतंय. बंद करून घ्या." शेऱ्याबद्दल बोलले नाही. तेवढा शहाणपणा होता.

सर पांढरे पडले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही किती जणांची पानं उघडलीत?"

मी म्हणाले, "दोघांची." आणि मॅडमचं एक, हेही सांगितलं. खरं बोलले, तिथंच फसले.

तासाभरात मेट्रन मॅडमनी बोलावलं. फोन काढून घेतला. टेबलावर छापलेला कागद तयार होता. त्यावर होतं, 'मी जाणूनबुजून हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये घुसून इतर कर्मचाऱ्यांची गोपनीय माहिती चोरली. मला माझी चूक मान्य आहे.'

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी कानांनी ऐकल्या.

"सही कर," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत वेळ देते. सही केलीस तर नोकरी राहील. नाहीतर सायबर पोलिसांत देणार. तुम्हा लोकांना एवढं शिकवायचं, आणि तुम्ही हे उद्योग करता."

तुम्हा लोकांना. त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाल्या, "म्हणजे मावश्यांना."

घरी आले. आई गॅलरीत मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. सही करावी असं मनात येत होतं, तेही सांगितलं. नोकरी गेली तर या वयात कोण घेणार मला? पोलिसांचं नाव निघालं की आपल्या माणसाचं काय होतं, ते काय मला माहीत नाही?

आईने हातातली काडी मोडून पानं परातीत टाकली. मग म्हणाली, "घाटकोपरच्या टेकडीवरची आपली खोली तोडली तेव्हा एक साहेब आला होता. म्हणाला, अंगठा दे, इथंच बिल्डिंगीत घर मिळंल. मी दिला. कागदावर मानखुर्द लिहिलं होतं. मला वाचता येत नव्हतं बाई. तुला येतंय ना?"

"येतंय."

"मग काय लिहिलंय त्याच्यात?"

"मी चोर आहे असं लिहिलंय."

"हायेस का?"

"नाही."

"मग? कर नाही त्याला डर कशाला?" आणि मेथीची जुडी माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "निवड. नुसती बसू नको."

सकाळी ट्रेनिंग रूममध्ये मेट्रन मॅडम, सर आणि फिलोमिना. फिलोमिना निळ्या ड्रेसमध्ये, खाली मान घालून. तिच्यापुढेही कागद होता. तिचं पान मी चोरून बघितलं, अशी तक्रार. तिने आधीच सही केली होती.

मी विचारलं, "वाचलंस का गं काय लिहिलंय ते?"

"मॅडम बोलल्या, म्हणून..." ती पुटपुटली.

मॅडमनी माझ्यापुढे पेन ठेवलं. मी ते उचललं नाही. हात मागे बांधले. म्हणाले, "मॅडम, पोलिसांना बोलवा. आल्यावर ते आधी विचारतील, कुलूप कसं तोडलं. मला ते दाखवायचंय. सर, बसा कॉम्प्युटरवर. माझ्या नावाने आत जा."

"त्याची गरज नाही," सर म्हणाले.

"गरज आहे. मी घुसले ना? मग बघू तर खरं कशी घुसले."

माझा आवाज चढला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघी-तिघी थांबल्या. मॅडमना ते नको होतं. त्या म्हणाल्या, "करा एकदाचं." सरांनी माझा नंबर, माझा पासवर्ड टाकला. मग मी पत्ता सांगायला लागले. तोंडपाठ. हे अक्षर, मग रेघ, मग हे. सर टाइप करत होते. शेवटचं अक्षर झालं, आणि मोठ्या पडद्यावर मॅडमचं पान उघडलं. पासवर्ड मागितला नाही. काहीच मागितलं नाही. एका मावशीच्या नावाने, मेट्रनचं पान.

आणि शेवटचा रकाना.

सरांनी माउस धरून पान बंद करायचा प्रयत्न केला, पण घाईत ते आणखी मोठं झालं. फिलोमिना पडद्याकडे बघत होती. ती हळूहळू वाचते, ओठ हलवत. आधी तिने स्वतःचं वाचलं. मग माझं. मग परत स्वतःचं.

"मॅडम, हे बॅकग्राउंड म्हणजे काय?" मी विचारलं.

"एज्युकेशनल बॅकग्राउंड."

"मी बारावी आहे मॅडम. फिलोमिना नववी आहे."

फिलोमिना अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, माझे तर पाच धडे राहिलेत ना?" मॅडम म्हणाल्या, "तू ड्युटीवर जा." ती गेली. तक्रारीचा कागद तिने परत घेतला नाही. टेबलावरच राहिला, सहीसकट.

माझा कागद मी उचलला. मॅडमना वाटलं असेल, आली वळणावर. मी तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कॉरिडॉरमधल्या बायकांना ऐकू जाईल असा. मग घडी न घालता त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी सही करणार नाही. फोन द्या माझा."

फोन दिला त्यांनी. आधी आत फोटो आहेत का ते तपासलं. नव्हते. वहीबद्दल कुणी विचारलं नाही. मावशीकडे वही असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

हे सगळं झालं म्हणून मला निळा ड्रेस मिळाला, असं कुणाला वाटत असेल तर नाही मिळाला. पोलीसही आले नाहीत. ते येणार नव्हतेच. तीन दिवसांत कंपनीची दोन माणसं आली आणि खोल्यांना कुलपं लावून गेली. आता नंबर बदलला की लिहून येतं, तुम्हाला परवानगी नाही. चांगलं झालं. दोनशे माणसांचे दाखले झाकले गेले, ते माझ्यामुळे, याचं मला समाधान आहे. पण शेराही त्याच कुलपात गेला. तो खोडला की तसाच ठेवला, मला माहीत नाही. माझा अंदाज विचाराल तर तसाच आहे. चौथी यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. मला वॉर्डातून काढून तळघरात लिननला टाकलं. नोकरीवरून काढलं नाही, कारण काढलं तर ही बाहेर जाऊन बोलेल, हे त्यांना कळतं.

फिलोमिना एकदा तळघरात आली होती. डबा घेऊन. म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं गो, आईशपथ." मी म्हणाले, "माहीत नव्हतं तेव्हाचं सोड. आता माहीत आहे. ती तक्रार मागे घेतेस?" ती डब्याचं झाकण लावत राहिली. मी तिचं बोंबील खाल्लं नाही. वाईट वाटलं मला. अजून वाटतं. पण नाही खाल्लं.

तिच्या पानाबद्दल मी तिची माफी मागितली. ती मागायची होतीच. ती वेगळी गोष्ट आहे.

ट्रेनिंगला मी अजून जाते. धडा नवीन आला की परीक्षा देते. गेल्या वेळी चोवीस पडले. आता खुर्चीवर बसायच्या आधी मी खिशातून स्पिरिटचा कापूस काढते. सरांनी हात लावलेला माउस पुसते. कीबोर्ड पुसते. टेबलाची कड पुसते. कापूस दाराबाहेरच्या पिवळ्या डब्यात टाकून येते. मग बसते. सर पहिल्यांदा म्हणाले, "हे काय मावशी?"

मी म्हणाले, "हायजीन."

दर सोमवारी मी एक अर्ज देते. तीनच ओळींचा. माझ्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला लेखी द्या. ऑफिसातली मुलगी कंटाळते, पण मी पोच घेतल्याशिवाय हलत नाही. पोच वहीत चिकटवते, शेरा उतरवलेल्या पानाच्या पुढच्या पानांवर. सही माझी असते, पूर्ण नावाची. मेट्रन मॅडमनी निरोप पाठवला होता, हे बंद कर, पुढच्या यादीचं बघू. मी निरोप आणणारीला म्हणाले, त्यांना सांग, यादी तुमच्याजवळ ठेवा. मला आधी शेरा वाचून दाखवा. तो सगळ्यांसमोर वाचून दाखवेपर्यंत सोमवार काही संपत नाहीत, आणि मीही इथून जात नाही.